खुले तळे, बंद फाइल

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. या घटनेमागचा एक तपशील पुष्कळदा नजरेतून निसटतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुलेही केले होते. कागदावर खुले असलेल्या तळ्याचे पाणी प्रत्यक्षात मात्र तीन वर्षे दूरच राहिले.

या इतिहासाचा अभ्यास आज महाजालावर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती पाहताना हे अंतर आठवते. तुलना ताणू नये; तेव्हा वाट अडवणारी माणसे होती, आज तसे कोणी उभे नाही. तरीही 'उपलब्ध' आणि 'हाती आलेले' हे दोन निराळे शब्द आहेत.

महाराष्ट्र शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. असे ग्रंथ आता पीडीएफ रूपात मिळतात. परंतु छापील पानाचे नुसते छायाचित्र असलेल्या फाइलमध्ये संगणकाला अक्षर दिसत नाही. 'चवदार' हा शब्द शोधला की उत्तर शून्य येते, आणि नवखा विद्यार्थी समजतो की तेथे काही नाहीच. चित्रातून अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली वापरावी लागते आणि तिच्या चुका मूळ पानाशी ताडून पाहाव्या लागतात. युनिकोडपूर्व टंकांत साठवलेला मजकूर तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

पुढची अडचण नावांची. 'चवदार' आणि 'चौदार' दोन्ही रूपे आढळतात. रोमन लिपीत आणखी निरनिराळी. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. जुनी कागदपत्रे त्याच नावाने शोधली पाहिजेत. म्हणजे शोधयंत्राला नीट प्रश्न विचारण्यासाठीही इतिहास ठाऊक असावा लागतो. तंत्र आणि विद्या येथे वेगळी राहत नाहीत.

अखेरचे कौशल्य पुरावा पारखण्याचे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. बंदीची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'असेच चालत आले आहे' या विधानाला 'कशावरून?' असे विचारणे, हाच त्या निकालाचा गाभा होय. पडद्यावर क्षणात उमटणाऱ्या प्रत्येक उत्तरालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

२०२० साली वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा साधन हाती देणे म्हणजेच शिक्षण देणे, असा समज बळावला. महाडचा इतिहास वेगळे सांगतो. तळे खुले झाल्याचा ठराव आवश्यक होता, पुरेसा नव्हता. विद्यार्थ्याला फाइलचा दुवा देऊन शिक्षकाचे काम संपत नाही. काठापर्यंतची वाट त्याच्यासोबत चालावीच लागते.