धूळपाटी ते डेडस्टॉक

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात चिरगाव येते. हिंदीचे राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे जन्मगाव. झाशी म्हटले की मराठी माणसाला नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. मला मात्र चिरगावनजीकच्या एका प्राथमिक शाळेतले कुलूपबंद कपाट आठवते.

१९९८ साली पाहणीच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. कपाटात पृथ्वीचा गोल, नकाशे, भिंग असे साहित्य मूळ वेष्टनात जपून ठेवलेले होते. मुले ओसरीवर लाकडी तख्तीवर बोरूने अक्षरे गिरवीत होती. मी कारण विचारले. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "साहेब, फुटले तर भरपाई माझ्या पगारातून होईल." महाराष्ट्रात ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, तशीच नोंदवही त्यांनी पुढे केली. एकही खाडाखोड नव्हती!

हे कपाट शाळेत आले कोठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पंतोजींच्या शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. देवळाची ओवरी किंवा एखाद्याच्या वाड्याची पडवी पुरे. साधने मुलाच्या घरची असत. धुळाक्षरे हा शब्द आपल्या भाषेत उरला आहे, तो त्या धूळपाटीमुळेच. वाळूत अक्षरे गिरवण्याची ही रीत अँड्र्यू बेल यांनी १७८९ च्या सुमारास मद्रासेत पाहिली, आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत उचलली, आणि पुढे इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांतही वाळूचे तबक पोहोचले. ते फुटण्याची भीती नव्हती व हिशेबही नव्हता.

हिशेब आला तो करासोबत. वायव्य प्रांतात जेम्स थॉमसन यांच्या काळापासून हलकाबंदी शाळा वाढल्या. काही गावांचा एक हलका, त्यात एक शाळा, आणि खर्चासाठी जमीनमहसुलावर शेकडा एक कर. मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा एक आणा आला. शेतकऱ्याच्या पैशातून शाळा चालू लागली, पण तिच्या वस्तूंचा मालक सरकार झाले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेचा पैसा आणि रयतेचे शिक्षण यांतील तफावत मांडली, ती या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे.

त्याच सुमारास जपानही शाळा बांधत होता. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर अमेरिकन शिक्षक स्कॉट यांनी टोकियोच्या नॉर्मल स्कूलमध्ये फळा, तक्ते आणि वर्गपद्धती रुजवली. सारे काही गोड नव्हते. खर्चाचा बोजा गावावर पडल्याने १८७३ च्या दंग्यांत काही ठिकाणी शाळा मोडल्या-जाळल्याही गेल्या. पण मात्सुमोतो येथील काइची शाळा पाहावी. १८७६ साली तातेइशी सेइजू या स्थानिक सुताराने अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत उभारली. सुमारे सत्तर टक्के खर्च नगरवासीयांनी दिला. नव्वद वर्षांच्या आसपास तेथे वर्ग भरले, आणि २०१९ मध्ये ती राष्ट्रीय ठेवा ठरली. कर आणि वर्गणी यांत अर्थशास्त्राच्या पुस्तकात फरक थोडा. शाळेच्या दारात तो फार मोठा असतो.

आपल्याकडे १९८७ साली खडू-फळा योजना आली. दोन पक्क्या खोल्या, रुंद ओसरी, किमान दोन शिक्षक, आणि ठरावीक साहित्य. हेतू निर्विवाद चांगला होता, आणि अनेक एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक त्यामुळेच मिळाला, हे विसरू नये. पण इमारतीचा निधी बव्हंशी ग्रामीण रोजगार कार्यक्रमांतून यायचा; तेथे मजुरीचा वाटा जपायचा, आणि शाळेची गरज मात्र पक्क्या बांधकामाची. साहित्य वेगळ्या वाटेने यायचे. खोलीआधी गोल, किंवा गोलाआधी खोली! लेखापरीक्षक वस्तू आहे का हे विचारी. वापरली का, हा रकाना नोंदवहीत नव्हताच.

त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना फोडतोडीची नोंद शाळेच्या पातळीवर निर्लेखित करण्याची मुभा असावी, असे अहवालात लिहीन म्हणालो, आणि लिहिलेही. त्यांनी किल्ली काढली, गोल बाहेर आणला. एका मुलीने तो फिरवला व विचारले, चिरगाव कोठे आहे? आम्ही दोघेही बोट ठेवायला वाकलो.