डमरू नव्हे, पखवाज

टहरौलीच्या बाजारात चहा संपला की कुल्हड फेकू नका. शेजारच्याचंही मागून घ्या. दोन्हींची तोंडं एकमेकांना लावा आणि चिकटपट्टीने घट्ट जोडा. मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळता असा छोटा पखवाज तयार होईल. आता बांबूच्या दोन सरळ काठ्या समांतर ठेवा, एका टोकाखाली वीट सरकवा आणि हा पखवाज वरून सोडा. मुद्दाम जरा वाकडा सोडा. तो डावीकडे जाईल, मग उजवीकडे, पण काठ्या सोडणार नाही. मग जोड उकलून कुल्हडांचे तळ एकमेकांना चिकटवा, म्हणजे डमरू होईल, आणि तोही सोडून बघा. हातभर जायच्या आत तो खाली पडलेला असेल.

देशातल्या रेल्वेच्या डब्यांखाली हाच पखवाज धावतो आहे. टहरौलीला मात्र रूळ नाहीत. बेतवा आणि धसान या दोन नद्यांमधला हा बुंदेलखंडी मुलूख. उत्तरेकडून झाशी–कानपूर मार्ग निघून जातो, दक्षिणेकडून मऊरानीपूरवरून झाशी–माणिकपूर. मधल्या काळ्या-तांबड्या मातीत हरभरा, गहू, तीळ. चहाच्या टपरीमागच्या भिंतीला एक बैलगाडीचं चाक टेकलेलं आहे. धाव गंजलेली, दोन आरे गायब. त्या चाकाला हात लावा आणि कुल्हडं पिशवीत टाका, कारण आता तुम्हाला मागे जायचं आहे.

१८५७चा हिवाळा सरत आला आहे. टपरी नाही, चाक मात्र आहे, नवं कोरं, बाभळीचं. जमिनीवर आडवं ठेवलंय. पलीकडे गोवऱ्यांच्या गोल आगीत लोखंडी धाव तापते आहे. "तनक दूर रओ, भैया," लोहार तुम्हाला म्हणतो आणि त्याचा मुलगा पाण्याची घागर उचलून तयार राहतो. तिघेजण सांडशीने लाल कडं उचलतात आणि चाकावर टाकतात. लाकूड पेटतं, धूर डोळ्यांत जातो, घण पडतात आणि त्यावर पाणी ओतलं जातं. लोखंड आकसतं. आरे तुंब्यात आवळले जातात आणि सगळं चाक एकदा करकरतं. तो आवाज लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. या गाडीचा आस फिरत नाही. तो गाडीला बांधलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांवर दोन चाकं आपापली फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फेरे घेतं, आतलं कमी. बैल वळले की गाडी वळते, चाकांमध्ये भांडण नाही. कोकणातल्या वरसईहून विष्णुभट गोडसे हे भटजी याच वर्षी घराबाहेर पडतील आणि पुढच्या वर्षी झाशीचा वेढा आतून पाहतील. मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली असतील, पण त्यांच्या वाटेवर मध्य हिंदुस्थानात रूळ नाहीत.

टहरौलीच्या दक्षिणेला रूळ येतात ते १८८९ मध्ये. इंडियन मिडलँड रेल्वेची गाडी मऊरानीपूरला येते तेव्हा टहरौलीहून चालत आलेल्या गर्दीत तुम्ही उभे असता. सगळे इंजिनाकडे बघतात. तुम्ही खाली वाका. चाक पूर्ण लोखंडी आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला बाहेर आलेली एक कड आहे. तुम्हाला वाटतं, कळलं, ही कडच गाडीला रुळावर धरून ठेवते.

शाळेत मलाही असंच वाटायचं आणि बहुतेकांना आयुष्यभर तसंच वाटत राहतं. इंग्लंडच्या काही खाणींमध्ये काटकोनी पट्ट्या अंथरत. कड रुळाला असे, चाक साधं. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जेसपने लोखंडी रूळ साधा ठेवला आणि कड चाकाला दिली. गाडी वळवण्याचं मुख्य काम मात्र तिचं नाही. ते समजायला अठरा वर्षं पुढे, झाशीच्या कारखान्यात चला.

१९०७. कारखाना उभा राहून बारा वर्षं झाली आहेत आणि आता तो जीआयपी रेल्वेचा आहे, म्हणजे मुंबईचा. शहरात मराठी ऐकू येते, ती नेवाळकरांच्या काळापासूनची. राणी लक्ष्मीबाईंचं लग्न जिथे लागलं ते गणेश मंदिर इथलंच. कारखान्यातली मराठी वेगळी आहे. परळच्या वर्कशॉपमधून बदली होऊन आलेला एक फिटर तुमच्याकडे बघून हसतो.

"या पाव्हणं. हात नका लावू, अजून गरम हाय."

समोर पोलादी कडं तापलेलं आहे. गोवऱ्या नाहीत, गोल भट्टी आहे; पण पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे. मीटरभर व्यासाचं कडं अडीचशे अंशांनी तापलं की त्याचा व्यास तीन मिलिमीटरनी फुगतो. आतलं चाक त्याच्या थंड मापापेक्षा किंचित मोठं कातलेलं असतं, व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. क्रेन चाक उचलते आणि कड्यात सोडते. कडं निवतं, आवळतं. टहरौलीचा तो करकर आवाज इथे येत नाही, पण लोहाराची धाव तीच आहे. इथे तिला टायर म्हणतात. चाकाची झीज या टायरनेच सोसायची, आणि तो झिजला की बदलायचा. आतलं चाक पिढ्यान्पिढ्या चालतं.

टायर फुटला तर काय होतं? १८७४ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑक्सफर्डजवळ शिप्टन इथे एका डब्याचा टायर तुटला आणि ३४ माणसं गेली. त्यानंतर विलायतेत मॅन्सेलच्या चाकांना मान आला. टायर आणि मधला तुंबा यांच्यामध्ये सागवानाचे सोळा तुकडे दाबून बसवलेलं चाक! टहरौलीचा सुतार ते बघून अजिबात बुजला नसता.

फिटर तुम्हाला पुढच्या शेडमध्ये नेतो. इथे लेथवर चाकांची जोडी फिरते आहे. हो, जोडी. आस आणि दोन्ही चाकं दाबयंत्राने एकजीव केलेली, सगळी मिळून एकच वस्तू. बैलगाडीचं सगळं शहाणपण इथे उलटं झालं. दोन्ही चाकांनी सारखेच फेरे घ्यायचे.

"मग वळणावर काय होतं?" तुम्ही विचारता.

प्रश्न रास्त आहे. दोन्ही रुळांच्या माथ्यांमधलं अंतर धरा पावणेदोन मीटर. गाडी काटकोनात वळली की बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे पावणेतीन मीटर जास्त धावावं लागतं. वळण लहान असो की मैलभर लांब, हा फरक तेवढाच राहतो. फेरे तर सारखे. मग हे पावणेतीन मीटर आणायचे कुठून?

पिशवीतली कुल्हडं बाहेर काढा, पुन्हा तोंडाला तोंड लावून. फिटरला कळायला क्षण लागत नाही. तो दोन सळ्या किंचित वाकवून जमिनीवर ठेवतो आणि पखवाज सोडतो. वळण येताच पखवाज बाहेरच्या अंगाला सरकतो. त्यामुळे बाहेरची सळी त्याच्या जाड भागाखाली येते, आतली निमुळत्या भागाखाली. जाड भागाचा फेरा मोठा, निमुळत्याचा लहान. तो वळतो.

"चाक सपाट न्हाई, पाव्हणं. बोट फिरवून बघा. इसाला एक उतार हाय."

तुम्ही बोट फिरवता. कडेजवळ जाड, बाहेरच्या बाजूला बारीक. वीस मिलिमीटर बाहेर गेलं की एक मिलिमीटर खाली. डोळ्याला हा उतार जवळजवळ दिसत नाही. एका मीटरचं चाक घ्या आणि १,७५० मीटर त्रिज्येचं वळण. इथले लोक त्याला एक अंशाचं वळण म्हणतात. अशा वळणावर जोडी फक्त पाच मिलिमीटर बाहेर सरकली की हिशोब जुळतो. कड आणि रूळ यांच्यात दोन्ही बाजू मिळून १९ मिलिमीटर मोकळी जागा असते, म्हणजे कड रुळाला शिवतसुद्धा नाही.

"आन् ही कड?"

"कड म्हंजी कुंपण. ढोर रोज कुंपणाला घासाय लागलं तर कुंपणबी जातं आन् ढोराचं कातडंबी."

याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

पण जिथे वळण फारच आवळलेलं असतं तिथे उताराची सद्दी संपते. याच वर्षी तिकडे नेरळहून माथेरानची दोन फुटी गाडी सुरू झाली आहे. तिच्या इंजिनांत टोकाचे आस पोकळ आहेत; आतल्या दांड्याभोवती ते थोडे तिरके होऊ शकतात. क्लीन-लिंडनर आस. डोंगराने रुळाला वाकवलं, म्हणून आसालाही वाकणं शिकवावं लागलं. आणि याच १९०७ मध्ये गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ छापून बाहेर आला आहे. पायी झाशी गाठलेल्या माणसाचं पुस्तक निघालं तेव्हा त्याच झाशीत चाकांना उतार कातला जात होता, हे मला विसरता येत नाही.

आता पुढे या, आजच्या काळात. दिल्लीकडून झाशीला येणाऱ्या गाडीत बसा. वेग ताशी १३० किलोमीटर. डोळे मिटले की डब्यात एक मंद डुलणं जाणवतं. हा उताराचाच दुसरा स्वभाव. जोडी थोडी डावीकडे गेली की उतार तिला उजवीकडे ढकलतो, ती मध्य ओलांडून जाते, मग तिला परत आणतो. क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्ये या नागमोडीचं गणित मांडलं. डब्याचं ९१५ मिलिमीटरचं चाक, वीसात एक उतार आणि आपला रुंद मार्ग घेऊन ते मी करून पाहिलं. मोकळ्या जोडीची एक लाट सुमारे १८ मीटरची येते. या वेगाला सेकंदाला दोन लाटा. बोगीत दोन जोड्या एकत्र धरल्या की लाट लांबते, स्प्रिंगा आणि डॅम्पर तिला शांत करतात. त्यांनी हार मानली तर चाक दोन्ही बाजूंनी रुळाला आदळू लागतं, त्याला हंटिंग म्हणतात.

म्हणजे चाक आखणाऱ्यापुढे खरा पेच हा आहे: उतार वाढवला तर वळण सुखाचं, पण सरळ मार्गावर वेग वाढला की थरथर. उतार कमी केला तर वेग सुखाचा, वळणावर कड घासणार. जपानने १९६४ मध्ये शिंकान्सेनला चाळीसात एक उतार दिला, कारण त्यांनी मार्गच सरळ आखला होता. आपल्याला एकाच चाकाने घाटही चढायचा असतो आणि मैदानही पार करायचं असतं.

यावर जे उत्तर निघालं ते मला फार आवडतं. कातलेला सरळ उतार रुळावर टिकत नाही. काही हजार किलोमीटरमध्ये तो झिजून पोकळ, वाकडा होतो, आणि मग तो आकार बराच काळ बदलत नाही. प्रत्येक वेळी लेथवर चढवून जुना सरळ उतार परत आणायचा म्हणजे चांगलं पोलाद भुसा करून टाकायचं. म्हणून अभियंत्यांनी झिजलेल्या चाकाची रेघ घेतली आणि नवं चाक मुळातच तसं कातायला सुरुवात केली. भारतीय रेल्वेत त्याला वॉर्न व्हील प्रोफाइल म्हणतात. रुळाने चाकाला जे शिकवलं, तेच चाकाला जन्मतः दिलं.

टायरही आता गेला आहे. बंगळुरूजवळ येलहंका इथे १९८४ पासून अख्खं चाक एका तुकड्यात ओततात. वितळलेलं पोलाद खालून दाबाने ग्राफाइटच्या साच्यात चढवतात. लोहाराचं कडं आवळणं तिथे संपलं.

झाशी आली. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे. २००३पर्यंत इथला कारभार मध्य रेल्वेच्या मुंबईतून चालायचा. रात्रीचे अडीच. गाडी फलाटात शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना सी अँड डब्ल्यूची, म्हणजे कॅरेज अँड वॅगन विभागाची माणसं उकिडवी बसलेली दिसतात, हातात टॉर्च, नजर चाकांवर. याला रोलिंग-इन म्हणतात. चाक एका जागी सपाट झालं असेल, म्हणजे फ्लॅट टायर, तर त्याचा ठोका आधी कानाला कळतो. गाडी थांबली की कुणी आसाच्या पेटीवर हात टेकतो, हॉट अ‍ॅक्सल तर नाही ना. यार्डात चाकावर गेज लावून बघतात: कड १६ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली, माथा पाच मिलिमीटर पोकळ झाला, की चाक काढायचं. दोन मिनिटांत एवढी चाकं डोळ्याखालून घालायची, थंडीत, रोज. या माणसांचं नाव कोणत्याही तिकिटावर नसतं.

गाडी सुटली. आता फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहा आणि दिव्याच्या उजेडात सरळ जाणाऱ्या रुळाकडे बघा. माथ्यावर दोन बोटं रुंदीचा पट्टा आरशासारखा चकाकतो. त्याच रुळाच्या आतल्या अंगाला, जिथे कड घासायला हवी होती, तांबूस गंज तसाच आहे.