सहा क्रमांकाचा बिल्ला

वेल्सच्या वायव्य भागात, ड्वायरिड नदीच्या खाडीकाठी पोर्टमेरियन नावाचे एक छोटे गाव आहे. गाव म्हणायचे ते केवळ सोयीसाठी. तिथे ना शेत, ना पिढीजात वस्ती. टेकडीच्या उतारावर रचलेले रंगीत मनोरे, घुमट, कमानी आणि एक हॉटेल. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून या गावात एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांचे मेळावे भरत आले आहेत. माणसे पांढऱ्या किनारीचे काळे कोट, रंगीत पट्ट्यांचे झगे आणि गवती टोप्या घालून हिंडतात. छातीवर गोल बिल्ला असतो. त्यावर एक चाक अवाढव्य आणि दुसरे चिमुकले अशी जुन्या घडणीची सायकल, आणि सायकलवर आकडा. हिरवळीवर माणसांचीच प्यादी करून बुद्धिबळ खेळले जाते, वाजतगाजत निवडणुकीची मिरवणूक निघते.

ज्या मालिकेचा हा उत्सव, ती पाहिलेली असेल तर हे दृश्य चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. कारण ‘द प्रिझनर’ ही मालिका नेमक्या याच गोष्टींच्या विरोधात उभी होती: गणवेश, आकडे, बँडच्या तालावरचा आनंद. मालिकेच्या पहिल्याच भागात नायकाला सहा क्रमांकाचा बिल्ला दिला जातो आणि तो तो काढून टाकतो. मेळाव्यातले त्याचे भक्त तोच बिल्ला हौसेने छातीवर लावतात. या विसंगतीवर हसणे सोपे आहे, आणि अनेकांनी हसून घेतलेही आहे. पण मला वाटते, मालिकेचा इतिहास जरा जवळून पाहिला तर हे हसू ओठांवरच अडखळते.

पॅट्रिक मॅगूहन हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, आयर्लंड आणि शेफील्डमध्ये वाढलेला नट. ‘डेंजर मॅन’ या हेरमालिकेतल्या जॉन ड्रेकच्या भूमिकेने 1960 नंतर तो घराघरात पोचला. ड्रेक सहसा पिस्तूल बाळगत नसे, बायकांच्या मागे लागत नसे. ही मॅगूहनची स्वतःचीच अट होती. या भूमिकेचा कंटाळा आल्यावर त्याने लू ग्रेड या निर्मात्यापुढे नवी कल्पना मांडली. एक गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो. घरी सामान भरत असताना त्याला बेशुद्ध केले जाते, आणि तो जागा होतो तो एका सुंदर, अनामिक गावात. तिथे कुणालाही नाव नाही, फक्त क्रमांक आहेत. हवी ती सुखसोय मिळते. बाहेर मात्र जाता येत नाही. राजीनामा का दिला, एवढेच त्याला पुन्हा पुन्हा विचारले जाते आणि तो सांगत नाही. बस्स, सतरा भागांची कथा एवढीच.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टीन याने इनव्हरलेअर लॉज या स्कॉटलंडमधल्या वास्तूचा दाखला दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात, मोकळे सोडणे धोक्याचे ठरावे इतके काही ठाऊक झालेल्या माणसांना तिथे आरामात, पण नजरेआड ठेवले जाई. शिवाय काळ कोणता होता तेही पाहावे. किम फिल्बी 1963 मध्ये मॉस्कोला निसटला होता. 1961 मध्ये 42 वर्षांची शिक्षा झालेला जॉर्ज ब्लेक ऑक्टोबर 1966 मध्ये लंडनच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाला, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात पोर्टमेरियनमध्ये ‘द प्रिझनर’चे चित्रीकरण सुरू झाले होते. आपला कोण आणि त्यांचा कोण, ही शंका त्या वर्षांत ब्रिटिशांच्या रोजच्या वर्तमानपत्रातली होती. मालिकेतल्या गावाचे चालक कोणत्या बाजूचे आहेत हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही, त्याचे मूळ इथे आहे.

आता गावाविषयी. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने 1925 मध्ये ही जागा विकत घेतली आणि पुढची पन्नास वर्षे तो इथे बांधत राहिला. निसर्गरम्य जागी इमारती उभारूनही त्या जागेचे सौंदर्य टिकवता येते, हे त्याला सिद्ध करून दाखवायचे होते. पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे तुकडे तो देशभरातून आणी: ब्रिस्टलची एक स्तंभावली, कुठल्याशा वाड्याचे सबंध छत. थोडक्यात, निराधार वास्तूंचा हा आश्रम. इटलीचा भास होतो, पण इटली नाही. वेल्समध्ये आहे, पण वेल्ससारखे दिसत नाही. ‘हे नेमके कुठे आहे’ हा प्रश्न मालिकेच्या नायकाला पडतो, कारण तो त्या वास्तूंतच आहे. एका भागात त्याला सांगितले जाते की गाव लिथुएनियात आहे. दुसऱ्यात तो स्वतः गणित मांडतो आणि उत्तर मोरोक्कोच्या बाजूला येते.

(जाता जाता एक योगायोग. चित्रीकरण चालू असताना तिथून जवळच, पेनरिनडायड्रायथ येथील आपल्या घरी बर्ट्रांड रसेल राहत होते. अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी 1961 मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, आठवडाभर तुरुंगात जाऊन आलेले. व्यक्ती विरुद्ध सत्ता हे नाट्य त्या खाडीकाठी पडद्यावर आणि पडद्याबाहेर असे एकाच वेळी नांदत होते.)

मालिका सुरू असताना पोर्टमेरियनचे नाव गुप्त ठेवायचे ठरले होते. सप्टेंबर 1967 मध्ये ब्रिटनमध्ये ती दिसू लागली, आणि फेब्रुवारी 1968 मधल्या अखेरच्या भागाच्या आरंभी ते नाव प्रथम झळकले. म्हणजे प्रेक्षकांना एका रहस्याचे उत्तर मिळाले, ते ज्याची त्यांना आस नव्हती त्या. हवे होते ते दुसरेच: क्रमांक एक कोण? त्या भागात नायक एका झगेधारी आकृतीचा मुखवटा ओढतो; आत वानराचा मुखवटा; तोही ओढतो; आत त्याचा स्वतःचाच चेहरा. मग पळापळ, गोळीबार, आणि तो लंडनच्या आपल्या घरी पोचतो. घराचे दार आपोआप उघडते, अगदी गावातल्या दारांसारखे. प्रेक्षक संतापले. सतरा आठवडे वाट पाहायला लावून आपली थट्टा केली, अशी त्यांची भावना झाली, आणि आपल्याला काही काळ तोंड लपवावे लागले असे मॅगूहन पुढे सांगत असे.

माझ्या मते या संतापातच पुढच्या मेळाव्याचे बीज आहे. उत्तर देणारी मालिका उत्तराबरोबर संपते. ही संपली नाही. 1976-77 मध्ये ब्रिटनच्या काही भागांत तिचे पुनःप्रक्षेपण झाले आणि 1977 मध्ये चाहत्यांनी ‘सिक्स ऑफ वन’ ही संस्था स्थापली. नाव इंग्रजी वाक्प्रचारातून उचललेले: इकडचे सहा काय नि तिकडचे अर्धा डझन काय, सारखेच. मॅगूहनने तिचे मानद अध्यक्षपद स्वीकारले. (राजीनाम्याने सुरू होणाऱ्या कथेच्या नायकाने 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही, हेही नमूद करायला हवे.) त्या काळाची एक अडचण आज सहज विसरली जाते. घरोघरी व्हिडिओ नव्हते. एक भाग पुन्हा पाहायचा तर वाहिनीची मर्जी व्हावी लागे. दुसरे असे की मालिका रंगीत चित्रित झाली होती, पण 1967 मध्ये ती दाखवणाऱ्या ब्रिटिश वाहिनीचे प्रक्षेपण कृष्णधवल होते. पहिल्या प्रेक्षकांनी ते झगे, त्या छत्र्या, ते गुलाबी-पिवळे मनोरे करड्या छटांत पाहिले होते. मालिका हाती लागत नव्हती. गाव मात्र जागेवर होते, आणि रंगांसकट होते. ग्रंथ दुर्मीळ झाला की लोक क्षेत्राला जातात, तसे हे लोक पोर्टमेरियनला गेले.

तिथे जाऊन त्यांनी जे खेळ निवडले, ते पाहण्यासारखे आहेत. निवडणुकीची मिरवणूक ज्या भागातून येते, तो मॅगूहनने टोपणनावाने लिहिला आहे. नायक गावच्या निवडणुकीला उभा राहतो, जिंकतो, आणि सत्ता हाती आल्यावर लोकांना सांगतो की तुम्ही मोकळे आहात. कुणी हलत नाही. त्याच्या नावाने आरोळ्या ठोकणारा जमाव त्या भागात सर्वांत भीषण आहे. मेळाव्यात चाहते वठवतात ती भूमिका त्या जमावाची.

बुद्धिबळाची गोष्ट याहून खोल जाते. त्या भागात नायक वजिराचे प्यादे म्हणून पटावर उभा असतो. एक हत्ती न सांगता, स्वतःच्या मनाने चाल करतो, आणि त्याला ‘उपचारा’साठी इस्पितळात नेले जाते. गावात कैदी कोण आणि कैद्याच्या वेषातला पहारेकरी कोण, हे ओळखण्याची युक्ती नायकाला तिथे सापडते: हुकमी आवाजात बोलावे, दबतो तो कैदी, ताठ राहतो तो पहारेकरी. या कसोटीवर तो माणसे जमवतो, सुटकेचा बेत रचतो. बेत फसतो, कारण तोच हत्ती तीच कसोटी नायकाला लावतो. हा माणूस कुणापुढे दबत नाही, हुकूम सोडतो; तेव्हा हाच पहारेकरी असला पाहिजे. तर्क निर्दोष आहे. विद्रोही आणि अधिकारी यांचा आवाज बाहेरून एकच ऐकू येतो.

मालिकेची ही जागा मला अखेरच्या मुखवट्यांपेक्षाही श्रेष्ठ वाटते, आणि मेळाव्यावरच्या उपहासाचे उत्तरही इथेच मिळते. उपहास करणाऱ्याचे गृहीतक असे, की मालिका म्हणजे एकट्या वीराचा जयघोष आणि चाहत्यांनी तिचा विपर्यास केला. पण मालिका तसे म्हणत नाही. तिच्यातला एकटा वीर सोबत्यांचा विश्वास कमावू शकत नाही म्हणून हरतो, आणि शेवटी त्याचा तुरुंगाधिकारी त्याच्याच चेहऱ्याचा निघतो. कोट घालून पटावर उभा राहणारा चाहता हे ओळखून असतो. आपण प्यादे आहोत हे मान्य करूनच तो घरात पाऊल ठेवतो. घरी कोचावर बसून स्वतःला सहा क्रमांक समजणाऱ्या समीक्षकाची समजूत त्याहून स्वस्त आहे.

तरी सहाचा बिल्ला मला खटकतो. दुसऱ्या कुठल्याही आकड्याबद्दल तक्रार नाही. त्यात निदान खेळाची कबुली आहे. सहा लावणाऱ्याला मात्र दोन्ही हवे असते: गणवेशाची ऊब आणि नकाराचा मान. एकाच हिरवळीवर अनेक ‘सहा’ उभे राहिले, की नकार हाच नवा गणवेश होतो. बाजाराने हे केव्हाच हेरले. मालिकेत नायकाचे घर म्हणून दाखवलेल्या वास्तूत पुढे मालिकेच्या वस्तूंचे दुकान निघाले, आणि 2012 ते 2018 या काळात पोर्टमेरियनमध्ये भरणाऱ्या संगीत महोत्सवाने ‘फेस्टिव्हल नंबर सिक्स’ असे नाव घेतले. तिथे आलेल्या अनेकांना त्या सहाचा संदर्भ ठाऊक असण्याची गरजही उरली नव्हती.

पहिल्या भागात नायक गावातल्या दुकानात जाऊन नकाशा मागतो. जो नकाशा मिळतो त्यावर फक्त गावच असते. कडेने डोंगर, समुद्र, पुढे काही नाही. टॅक्सी बोलावतो, तर ती गावातल्या गावातच फिरते. मेळावा आटोपल्यावर चाहते कोट पिशवीत भरतात आणि वर मुख्य रस्त्याकडे चालू लागतात. मिनफोर्डचे रेल्वे स्टेशन तिथून मैलभर आहे.