पोवळ्याचे कूळ, प्रवाळाचा रंग

आजीच्या माळेतले पोवळे पिढ्यान्‌पिढ्या लाल राहते. समुद्रातले प्रवाळ मात्र पाणी काही आठवडे तापले की पांढरेफटक पडते. दोन्ही शब्दांचे कूळ एकच. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळा अंकुरही. आंब्याची तांबूस पालवी आठवा. प्राकृतात त्याचे ‘पवाल’ झाले आणि मराठीच्या तोंडी ‘पोवळे’.

हे लाल पोवळे आपल्या किनाऱ्याचे नव्हेच, ते भूमध्य समुद्रातले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळी आहेत. त्याच ग्रंथात कल्याणच्या पुढे ‘सेमुल्ला’ बंदर येते. अभ्यासक ते रायगडातले चौल मानतात. रोमनांना हिंदी मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच हिंदी लोकांना पोवळ्यांचे, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकातही इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी धाडून हिरे मागवत. त्याच शतकात, पोवळे हे झाड नसून प्राण्यांची वसाहत आहे असे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते उडवून लावले होते.

लाल पोवळ्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा पांढरा आणि मांस पारदर्शक. त्याचा तपकिरी रंग आत वस्तीला असलेल्या सूक्ष्म शेवाळाचा. निळा, हिरवा, जांभळा बहुतेक त्याच्या स्वतःच्या प्रथिनांचा. घरी प्रवाळ पाळलेल्या काचेच्या टाकीत हे डोळ्यांसमोर घडते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले की शेवाळ माजते आणि प्रवाळ तपकिरी होते. नायट्रेट-फॉस्फेट अगदी संपले तर प्रवाळ फिके पडते. निळा प्रकाश हळूहळू वाढवला तर रंग उजळतात, एकदम वाढवला तर जिवावर बेतते. पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे. ते तापले की शेवाळ बाहेर पडते आणि सांगाडा दिसू लागतो. वैद्य नाडी पाहतो तसा प्रवाळाचा रंग पाहावा.

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली प्रवाळांचे मोठे पठार आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांचे ठाणे होते, त्या कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले: आंग्रिया बँक. तिथले असो वा किनाऱ्यावरच्या खडकातले, खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला आहे. समुद्रातून तोडून आणलेले प्रवाळ टाकीसाठी विकत घेऊ नका.