जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार व मूळ रूपाचा प्रश्न

जुनी मोटार हे इतिहासाचे साधन मानावयाचे, तर तिचे मूळ रूप कोणते, हे प्रथम ठरविले पाहिजे. १९३४ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ने १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ मानले. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनास ही संज्ञा दिली. मात्र सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट घातली.

ही अट मुंबई परिसराच्या इतिहासाशी ताडून पाहावी. १९२८ पासून येथे जनरल मोटर्स सुट्या भागांची जुळणी करी. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी गाड्यांचे भाग दुर्मिळ झाले. तेव्हा ते लेथवर घडविणे कारागिरांस भाग पडले. शिवाय मुंबईपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर खारी हवा पत्रा खाते. असा बदललेला भाग म्हणजे वैगुण्य नव्हे. तो टंचाईचा व कारागिरीचा दस्तऐवजच होय.

मेळाव्यात पाहणाऱ्याची नजर चकाकीवर जाते. संशोधकाची सांध्यावर गेली पाहिजे. सांधा बेमालूम बुजविला की पुरावा नाहीसा होतो. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याने काढलेला भाग जपावा व प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. पालघर-बोईसर भागातील वृद्ध मिस्त्रींच्या आठवणी आपल्या विद्यार्थ्यांनी वेळीच टिपून घेतल्या, तर त्या नोंदींस मोलाची जोड मिळेल.