लक्ष्मीपुत्राची वकिली

जबलपूरच्या वायव्येस पाटन नावाचे तहसिलीचे गाव आहे. त्याच्या आसपासचा हिरन नदीकडील काळ्या मातीचा सखल प्रदेश 'हवेली' या नावाने पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. शेताला चारी बाजूंनी मातीचे उंच बांध घालावयाचे, पावसाळाभर त्यात पाणी तुंबवावयाचे, पाऊस सरल्यावर ते सोडून द्यावयाचे आणि उरलेल्या ओलीवर गहू पेरावयाचा, ही इकडील शेतीची रीत. एका पावसाने दगा दिला की ही सारी व्यवस्था कोलमडते, आणि मग ज्याच्याजवळ रोकड त्याच्याकडे बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि पोटासाठी धाव घ्यावी लागते. मालगुजारीच्या पद्धतीत जमीन गहाण पडण्यास आणि गावेच्या गावे सावकाराच्या नावावर चढण्यास त्यामुळे फार वेळ लागत नसे.

या अशा प्रदेशात ज्या पेढ्या वाढल्या, त्यांत जबलपूरची 'सेवाराम खुशालचंद' ही पेढी अग्रगण्य होती. जैसलमेराकडून आलेल्या एका माहेश्वरी घराण्याची ती पेढी. या घराण्यातील गोकुळदासांना इंग्रज सरकारने 'राजा' ही पदवी दिली, त्यांचे पुत्र जीवनदास 'दिवाण बहादूर' झाले, आणि जीवनदासांचे पुत्र सेठ गोविंददास हे १९५० साली न्यूझीलंडमध्ये भरलेल्या राष्ट्रकुल संसदीय परिषदेस भारताच्या शिष्टमंडळाचे नेते म्हणून गेले. तीन पिढ्यांत घडलेला हा प्रवास एका जुन्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो. धनवान मनुष्य जेव्हा आपल्या राज्याची वकिली करावयास परमुलखात जातो, तेव्हा त्याचे धन त्याच्या कामास येते, की त्याच्या कामाच्या आड येते?

आपल्या मराठेशाहीच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने बेणीराम पंडित हे कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जजवळ वकील होते. १७८० साली नाना फडणीस, निजामअली, हैदरअली आणि मुधोजी भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली, म्हणजे कागदोपत्री तरी भोसले आणि इंग्रज हे परस्परांचे शत्रू झाले. तरीही १७८१ च्या ऑगस्टमध्ये चेतसिंगाच्या प्रकरणावरून काशीत बंड उसळले आणि हेस्टिंग्जला जीव वाचवून चुनारगडाकडे निघावे लागले, त्या वेळी बेणीराम आणि त्यांचे बंधू बिशंभर पंडित यांनी त्याची सोबत सोडली नाही. इतकेच नव्हे, तर आपल्याजवळचे लाखभर रुपये त्यांनी त्यास देऊ केले. हेस्टिंग्ज हा उपकार विसरला नाही. पुढे बेणीरामांना काशीच्या परिसरात जहागीर मिळाली.

यास सरळ द्रोह म्हणणे घाईचे होईल. खुद्द भोसल्यांनाच इंग्रजांशी मनापासून वैर नको होते आणि त्यांचे कटकेकडील सैन्यही बंगाल्यावर तुटून पडले नाही. परंतु ज्या वकिलाचा पैसा आणि पुढील उत्पन्न यजमानाच्या राज्यात गुंतते, त्याच्या सल्ल्यात धन्याचे हित किती आणि स्वतःचे किती, हे निवडणे कठीण होऊन बसते. अठराव्या शतकात वकील आणि सावकार ही दोन माणसे पुष्कळदा एकाच अंगरख्यात वावरत, आणि दरबारांना त्यात वावगे वाटत नसे. त्याच १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी मंडल्याचे गोंड राज्य जिंकले आणि जबलपूर मराठी अंमलाखाली आले. पुढे ते नागपूरकरांकडे गेले आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती पडले.

गोविंददासांचा जन्म १८९६ च्या विजयादशमीचा. तो महिना लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली आणि मध्य प्रांतात १८९६-९७ चा भीषण दुष्काळ पडला. जबलपूर जिल्ह्याला त्याची झळ फार मोठी बसली. एकीकडे बांधांत पाणी नाही म्हणून गव्हाचा पेरा बुडत होता आणि दुसरीकडे राजवाड्यात वारस जन्मला होता. अशा घरात वाढलेल्या मुलाने वडिलांप्रमाणे सरकारी पदवीची वाट धरली असती तर कोणासही नवल वाटले नसते. परंतु १९२० च्या असहकाराच्या चळवळीत गोविंददास गांधीजींच्या मागे गेले, वारंवार तुरुंगात गेले, आणि कायदेभंगाच्या काळात त्यांनी वडिलोपार्जित मालमत्तेवरील आपला हक्क लेखी सोडून दिला. १९३९ साली जबलपूरजवळ त्रिपुरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. लोकांनी त्यांना 'सेठ' म्हणणे मात्र कधी सोडले नाही. घराण्याची दौलत कागदावर सोडता येते; नावाला चिकटलेली पत सोडता येत नाही, आणि खरे पाहता तिचा उपयोगही होत राहतो.

१९५० च्या त्या दौऱ्याचे महत्त्व समजण्यासाठी ते वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. १९४९ च्या एप्रिलमधील लंडनच्या घोषणेने भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता येईल असे ठरले; इंग्लंडचा राजा हा सदस्य राष्ट्रांच्या मुक्त सहकार्याचे केवळ प्रतीक मानला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक अस्तित्वात आले, आणि त्याच वर्षअखेर त्याचे संसद-सदस्य वेलिंग्टनला जाऊन राजनिष्ठ वसाहतींच्या प्रतिनिधींशेजारी बसले. ज्या संस्थेची ही परिषद होती, तिचे नाव १९४८ पर्यंत 'एम्पायर पार्लमेंटरी असोसिएशन' असे होते. साम्राज्याची पाटी पुसून राष्ट्रकुलाची लिहिली गेली, त्यास दोनच वर्षे झाली होती.

मित्रराष्ट्र म्हणावे असे न्यूझीलंड होते खरे, पण त्या मैत्रीला मर्यादा होत्या. कोरियाच्या युद्धासाठी न्यूझीलंडने तोफखाना धाडला. भारताने सैनिकांऐवजी वैद्यकीय पथक पाठविले. पुढे १९५१ साली न्यूझीलंड अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यासह लष्करी करारात सामील झाले. भारत अशा गटांपासून अलिप्तच राहिला. दक्षिण आफ्रिका तेव्हा राष्ट्रकुलात होती, तिने १९५० सालीच वस्त्यांची वंशवार विभागणी करणारा कायदा केला होता, आणि तेथील हिंदी लोकांच्या प्रश्नावरून भारताने तिच्याशी व्यापार १९४६ पासून बंद केला होता. गोविंददासांना हा प्रश्न केवळ कागदपत्रांतून ठाऊक नव्हता. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी आफ्रिकेचा प्रवास केला होता आणि तेथील भारतीयांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले होते. वेलिंग्टनच्या दौऱ्यावरही त्यांनी पुढे 'सुदूर दक्षिण पूर्व' हे प्रवासवर्णन लिहिले.

या प्रकारच्या भेटींचे फळ तत्काळ दिसत नाही, आणि एखाद्या शिष्टमंडळाच्या पदरी ते बांधणे योग्यही नव्हे. तथापि राष्ट्रकुलात राहण्याचा निर्णय निव्वळ शोभेचा ठरला नाही, हे एका गोष्टीवरून दिसते. १९५० साली आखलेल्या कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने भारताला दहा लाख पौंडांचे साहाय्य दिले आणि त्यातून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या उभारणीस चालना मिळाली. तिची कोनशिला १९५२ साली बसली. बेणीरामांच्या काळी मैत्रीचे मोल वकिलाच्या जहागिरीत मोजले गेले. येथे ते एका सार्वजनिक रुग्णालयात उतरले.

गोविंददासांच्या स्वभावात एक हटवादही होता, आणि मध्य प्रदेशातील मराठी माणसाला तो जवळून परिचित होता. घटना समितीत १९४९ साली हिंदीच्या प्रश्नावर वाद झाला, तेव्हा ते हिंदीचेच नव्हे, तर नागरी अंकांचेही कैवारी होते. मराठीचीही लिपी नागरीच असल्याने अंकांच्या बाबतीत आपली सहानुभूती त्यांच्याकडे झुकते. परंतु एकाच भाषेला देशभर मान देण्याच्या त्यांच्या आग्रहात इतर भाषकांची अडचण त्यांना पुरेशी दिसली नाही, असेही म्हटल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीला हटवू पाहणारा हा गृहस्थ सारा व्यवहार इंग्रजीत चालणाऱ्या परिषदेत देशाचा मुखत्यार होता, ही त्या काळाची विसंगती होय. मात्र हट्ट धरताना त्यांनी स्वपक्षाचीही पर्वा केली नाही. १९६३ साली राजभाषा विधेयकास त्यांनी उघड विरोध केला. ज्याला मिळवावयाचे काही उरलेले नाही, त्यालाच असा विरोध परवडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिष्टमंडळ दूरदेशी गेले त्याच सुमारास नागपुरात, म्हणजे तत्कालीन मध्य प्रदेशाच्या राजधानीत, मालगुजारी नष्ट करणारा कायदा आकार घेत होता, आणि ३१ मार्च १९५१ रोजी तो अमलात आला. पाटनच्या हवेलीतील बांध होते तेथेच राहिले. पण त्या गावांवरील मालगुजारांचा हक्क संपला. ज्या व्यवस्थेने राजा गोकुळदासांना मोठे केले, ती त्यांच्याच नातवाच्या पक्षाने मोडली, आणि त्या नातवाने तिच्यावरील आपला वाटा त्याआधीच सोडलेला होता. वकिलाचे धन त्याच्या कामाच्या आड येऊ नये, यासाठी बेणीरामांच्या काळी काही उपाय नव्हता. धनी आणि यजमान दोघेही ते धन वापरून घेत. प्रजासत्ताकाने एक उपाय काढला: वकील कोणाच्या पैशाने मोठा झाला हे विचारण्याचा आणि ती मिळकत कायद्याने काढून घेण्याचा अधिकार त्याने मतदारांच्या हाती दिला. गोविंददासांनी तो कायदा येण्यापूर्वीच स्वतःला लावून घेतला, म्हणून १९७४ साली मृत्यू येईपर्यंत जबलपूरचे मतदार त्यांना निवडून देत राहिले.