कागदीपुरा ते हार्ड डिस्क

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कसबा पेठेत कागदीपुरा नावाची वस्ती आहे. कसबा गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांची पावलं तिकडे वळतात. नावातच सगळं आलं. हाती कागद करणारे कागदी इथे राहत. पेशवाईत पुण्याचा कारभार वाढला, कारभाराला कागद लागू लागला, आणि जुन्नरचे कागदी पुण्यात येऊन स्थिरावले. जुनी गोणपाटं, दोरखंडं चुन्याच्या पाण्यात भिजवायची, कांडायची, नदीवर नेऊन धुवायची. तो लगदा हौदात कालवून गवताच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटला नाही तर बोरू अडतो आणि शाई फुटते.

मला आज बोलायचं आहे घरच्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कबद्दल. मग ही कागदाची कथा कशाला, असं कोणी म्हणेल. माझं म्हणणं असं, की लिहिलेलं टिकवायचं कसं हा प्रश्न कसबा पेठेला नवा नाही. कागदीपुऱ्याच्या जवळच तांबट आळी आहे. पुण्याचं नाव सापडतं ते राष्ट्रकूट राजांच्या ताम्रपटांत, इसवी सन ७५८ आणि ७६८ च्या. ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ अशी ती नावं. साडेबाराशे वर्षं झाली, अक्षर वाचता येतं. पण ताम्रपटावर मावतं किती? एका दानाचा मजकूर. शिवाय तांबं वितळवून हंडा करता येतो, हा त्याचा दोषच म्हणायचा. कागदावर पुष्कळ मावतं, पण त्याला वाळवी, पाणी आणि आग हे तीन शत्रू. जितकं जास्त मावतं तितकं ते नाजूक असतं, हा हिशेब पुढे हार्ड डिस्कपर्यंत चालत आलेला दिसतो.

पेशवे दफ्तराचं उदाहरण घेऊ. कागदांचे गठ्ठे कापडात बांधायचे, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचं. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात असे ४० हजारांच्या घरात रुमाल आहेत. १८१८ मध्ये पेशवाई गेली. दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, शनिवारवाड्याला आग लागली आणि आतल्या लाकडी इमारती जळाल्या. वाडा गेला, दफ्तर राहिलं. का राहिलं? इंग्रजांना इतिहासाची ओढ होती म्हणून नव्हे. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, कोणत्या गावचा वसूल किती, हे ठरवायला त्यांना ते कागद रोज लागत. ज्या इमारतीत दफ्तर ठेवलं तिचं नावच पूर्वी ‘एलिएनेशन ऑफिस’ होतं, म्हणजे इनामी जमिनींची कचेरी. रुमाल सोडले जात होते, बांधले जात होते, म्हणून कुठे कसर लागली ते कळत होतं. वेखंड, कडुनिंबाचा पाला हे उपाय होतेच. पण सर्वांत मोठा उपाय म्हणजे कोणीतरी रुमाल उघडून पाहत होतं.

पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. आपण त्याकडे इतिहाससंशोधन म्हणून पाहतो, आणि ते आहेच. पण त्या दिवसापासून ते निवडक कागद एका इमारतीपुरते उरले नाहीत. कोल्हापूर, नागपूर, लंडन अशा ठिकाणच्या ग्रंथालयांत त्यांची प्रत गेली. आजच्या भाषेत बोलायचं तर तो बॅकअप झाला.

आता यंत्राकडे येतो. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ मध्ये बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावत होती ५० लाख अक्षरं. आज हातात मावणाऱ्या ४ टेराबाइटच्या डिस्कमध्ये तसली आठ लाख यंत्रं बसतील. तत्त्व मात्र तेच राहिलं आहे. चुंबकीय लेप दिलेली चकती गरागरा फिरते, घरच्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. तिच्यावरून एक बारीकसं डोकं तरंगत जातं. चकती आणि डोकं यांच्यातलं अंतर असतं काही नॅनोमीटर. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. म्हणून चालू डिस्कला धक्का लागला, की डोकं चकतीवर आपटतं आणि लेप खरवडला जातो. घोटीव कागदावर बोरू फाटावा तसं.

माझा अनुभव सांगतो. २००६ साली मी एक नवी डिस्क घेतली. कसब्यातल्या कारागिरांच्या, म्हणजे तांबट, बुरूड, कुंभार आणि कागदी घराण्यांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी मी कॅसेटवर मुद्रित केल्या होत्या. त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि कॅसेट, मोठ्या शहाणपणानं, पुन्हा वापरायला काढल्या. ते भारनियमनाचे दिवस. वीज जायची, यायची, येताना दणका देऊन यायची. २००९ च्या उन्हाळ्यात डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. तांबट आळीत वाढलेल्या माणसाला ठोक्यांचं काय नवल! मी चार दिवस दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी डिस्क दिसेनाशी झाली. दुरुस्त करणाऱ्यानं थोडा भाग वाचवून दिला. सात जणांचे आवाज होते, त्यांपैकी चार परत मिळाले. जे तीन गेले, त्यांतले दोघे तोवर वारले होते.

तेव्हापासून मी या विषयात थोडं वाचू लागलो. पहिली गोष्ट कळली ती कंपन्यांच्या हिशेबाची. काही डिस्कच्या माहितीपत्रकावर ‘सरासरी १० लाख तास’ असं लिहिलेलं असे. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. आता ११४ वर्षं कोणती डिस्क चालणार? त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण नऊ बंद पडतील. आणि तेही कागदावर. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागणं ही सर्रास गोष्ट होती, काही ठिकाणी तर १३ टक्के. आपल्या घरी डिस्क एकच असते. ती शंभरातली कितवी, हे आधी कोण सांगणार?

त्याच वर्षी गूगलनंही आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कच्या आत स्वतःची प्रकृती नोंदवणारी एक सोय असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. एखादा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकून आपल्यालाही त्या नोंदी पाहता येतात. गूगलच्या अभ्यासात दिसलं, की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक नोंदवली गेली, की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते. म्हणजे असा इशारा दिसला तर त्याच दिवशी माहिती दुसरीकडे हलवावी. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाचे इशारे दिलेच नव्हते. ताप न येता माणूस जावा तसं. तेव्हा ‘स्मार्ट’ पाहावं, पण त्याच्या भरवशावर झोपू नये.

डिस्क निवडताना लोक विचारतात, कंपनी कोणती? माझं उत्तर, कंपनीपेक्षा तो नमुना आणि ती खेप महत्त्वाची. नावाजलेल्या कंपन्यांचेही काही नमुने वाईट निघाले. आयबीएमच्याच २००० सालच्या एका डिस्कमालिकेवर अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला, पुढे आयबीएमनं तो धंदाच हिताचीला विकून टाकला. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवणुकीची कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचे नमुनावार आकडे प्रसिद्ध करत आली आहे. घेण्यापूर्वी ते पाहावेत. दोन डिस्क घ्यायच्या तर एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खेपेतल्या घेऊ नयेत. जुळी भावंडं एकाच साथीत आजारी पडतात. वॉरंटी पाच वर्षांची मिळाली तर बरं, पण वॉरंटी डिस्कची असते, आतल्या माहितीची नव्हे. कंपनी नवी डिस्क देईल. आवाज देणार नाही.

आता नव्या कॉम्प्युटरमध्ये फिरती चकती नसतेच, एसएसडी असते. ती वेगवान, धक्क्याला न घाबरणारी. पण तिच्यात माहिती राहते ती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपानं, आणि हा भार हळूहळू गळतो. या उद्योगानं ठरवलेली किमान कसोटी अशी, की लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीनं विजेवाचून ३० अंशांत एक वर्ष माहिती धरावी. नवीन असताना ती याहून पुष्कळ टिकते. पण तापलेल्या माळ्यावर, पेटीत घालून दहा वर्षं विसरून जाण्याची ती वस्तू नव्हे. फिरती डिस्कही विसरून ठेवू नये. सहा महिन्यांनी एकदा जोडावी, फाइल उघडून पाहाव्यात. रुमाल सोडून पाहण्यासारखंच ते आहे. रोज चालणाऱ्या कॉम्प्युटरला यूपीएस असावा, पेटीतली धूळ काढावी, पंखा फिरतो की नाही बघावं. एवढी देखभाल पुरे.

नक्कल करण्यातही एक मेख आहे. नकलेची नक्कल करताना चुका शिरतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत तीनशे वर्षांत इतके अपपाठ शिरले, की १५८४ मध्ये एकनाथांना त्या शोधून ग्रंथ शुद्ध करावा लागला. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ पासून १९६६ पर्यंत. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. एकच पोथी असती तर चूक कोणती आणि मूळ कोणतं, हे कळलंच नसतं. कॉम्प्युटरवर हे काम सोपं झालं आहे. मूळ फाइल आणि नक्कल अक्षरन्‌अक्षर सारखी आहे का, हे यंत्र मिनिटात ताडून देतं. तरी आपण ते करत नाही. कॉपी केली की झालं, असं समजतो.

आणि सगळ्या प्रती एका घरात ठेवण्याचा मूर्खपणाही कसब्याला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि कसब्याचा नदीकडचा भाग पाण्यात गेला. आमच्या घरची कागदपत्रांची ट्रंक दोन दिवस चिखलात होती. काजळाची शाई उन्हानं उडत नाही, पण डिंकात कालवलेली असल्यानं पाण्यापुढे तिचं काही चालत नाही. घराचं खरेदीखत म्हणजे काळपट लगदा झाला होता. मात्र त्याची नक्कल नोंदणी कचेरीच्या वहीत होती, ती वडिलांनी काढून आणली, म्हणून घर आमचं राहिलं. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे रूढ झालेला एक नियम आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. वडिलांनी हा नियम ऐकला नव्हता. घराबाहेरची प्रत भावाकडे, मुलीकडे, लॉकरमध्ये, इंटरनेटवर, कुठेही असो. पूर फक्त मुठेलाच येतो असंही नाही. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, बँकॉकच्या उत्तरेचे डिस्कचे कारखाने बुडाले आणि आपल्या तपकीर गल्लीत डिस्क महागल्या. बॅकअप पुढच्या महिन्यात करू म्हणणाऱ्यांना तो पूरही पुरला.

एक गोष्ट मात्र कोणत्याही डिस्कच्या हातात नाही. पेशवे दफ्तर टिकलं, पण ते मोडी लिपीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडीचा वापर थांबला आणि आज तो मजकूर वाचू शकणारे थोडे. माझ्याही फाइलींचं तेच झालं. म्हाताऱ्यांच्या आठवणी मी ऐकून टाइपही करून ठेवल्या होत्या, त्या काळी चालणाऱ्या एका मराठी फॉन्टमध्ये. युनिकोड आपल्याकडे रुळायच्या आधीचा तो फॉन्ट. डिस्कमधून वाचलेल्या भागात ती फाइल सुखरूप निघाली. उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द लागेना. सुदैवानं तिची छापील प्रत मी एका मित्राला वाचायला दिली होती आणि त्यानं ती परत केली नव्हती. इतक्या वर्षांत मी त्याला कितीदा बोललो असेन त्याबद्दल! त्या ८४ पानांवरून सगळा मजकूर मी पुन्हा टाइप केला. कागदीपुऱ्यातल्या आजोबांचा आवाज गेलाच, पण गोणपाट किती दिवस भिजवायचं, हे त्यांनी सांगितलेलं तेवढं त्यात मिळालं.